एकाच पिशवीत दोन केसपेपर

वस्तीतल्या पुष्कळ घरांत कागदपत्रांच्या दोन पिशव्या असतात. एक खिळ्याला टांगलेली. तिच्यात रेशनकार्ड, आधार, सुनेचे माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचा रिपोर्ट. दुसरी पेटीच्या तळाशी, साड्यांखाली. तिच्यात मनोविकार विभागाचा केसपेपर आणि गोळ्यांची चिठ्ठी. सून गरोदर राहिली की पहिली पिशवी दवाखान्यात जाते, दुसरी जात नाही. "तिथं कशाला सांगायचं? ते बाळंतपणाचे डॉक्टर, त्यांना त्याचं काय?" असे घरातली मोठी माणसे म्हणतात. मनोविकाराच्या ओपीडीत याच्या उलट. झोप लागते का, कानात आवाज येतात का, एवढे विचारले जाते. पाळी येते का, मूल हवे आहे का, नवऱ्याशी संबंध कसे आहेत, हे विचारायला गर्दीत डॉक्टरांना वेळ नसतो आणि आपल्या माणसाची सांगायला जीभ रेटत नाही. बाई एक, शरीर एक, पण तिचे दोन केसपेपर एकमेकांना भेटत नाहीत. पुरुषाचेही तसेच, फरक एवढाच की त्याचा दुसरा केसपेपर निघतच नाही.

स्किझोफ्रेनिया, बायपोलर म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य, दीर्घकाळचे डिप्रेशन, या आजारांच्या माणसाबद्दल आपण दोनच गोष्टी मानतो. एक, याला कसली आलीय इच्छा! दुसरी, याची इच्छा म्हणजे घराला ताप. दोन्ही खोट्या आहेत. आजार मनाचा असला तरी पाळी येते, इच्छा होते, दिवस राहतात, गुप्तरोगाची लागण होते, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सरही होतो. फरक इतकाच, की या माणसांची तपासणी सर्वांत शेवटी होते किंवा होतच नाही.

हा विषय घरी येणाऱ्या अंकात कशाला, असे कुणाला वाटेल. र. धों. कर्वे यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात उघड उत्तरे दिली. 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला तेव्हा त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पुढे नोव्हेंबर 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला, तोही फेटाळला गेला. त्या काळात जे बोलले गेले, ते आज आपल्याला दहा बाय बाराच्या खोलीत बोलता येत नसेल तर अवघड आहे.

लग्न हे औषध नव्हे

"दोनाचे चार हात करून द्या, आपोआप ताळ्यावर येईल." हा सल्ला आत्या देते, मामा देतो, कधी शिकलेला माणूसही देतो. लग्नाने कोणताही मानसिक आजार बरा होत नाही. उलट लग्नाच्या धामधुमीतच आजार उलटण्याची भीती जास्त. जागरणे होतात, घर नवे, माणसे नवी, आणि मुख्य म्हणजे गोळ्या. सासरी कळू नये म्हणून गोळ्या माहेरीच राहतात. एकाएकी बंद झालेल्या गोळ्यांचा परिणाम काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत दिसतो. मग सासरचे म्हणतात, फसवले. माहेरचे म्हणतात, तिकडेच काहीतरी झाले. आजारी मुलगी मध्ये.

मुलगा आजारी असेल तर लपवणे आणखी सोपे. त्याच्यासाठी गावाकडची गरीब घरची, फार चौकशी न करणाऱ्या आईबापांची मुलगी पाहिली जाते. हा त्या मुलीवर सरळ अन्याय आहे आणि मुलाचेही त्यात भले नाही.

कायद्याचेही पाहू. 1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. आजार आहे म्हणून लग्नच करता येत नाही, असे हा कायदा म्हणत नाही. आजार इतका असावा की संमतीच देता येत नाही किंवा संसार करणे शक्य नाही, तेव्हा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली स्पष्ट केले, की 'स्किझोफ्रेनिया' असे नुसते नाव लावल्याने घटस्फोट मिळत नाही. आजार किती तीव्र आहे, त्याचा संसारावर काय परिणाम होतो, हे दाखवावे लागते. मात्र महत्त्वाची गोष्ट लपवून लावलेले लग्न फसवणूक म्हणून रद्द होऊ शकते. म्हणून बोलणी चालू असतानाच सांगावे. आजाराचे नाव, कोणत्या गोळ्या, किती वर्षांपासून, त्रास वाढला की काय होते, इतके पुरे. काही स्थळे मोडतील. जे स्थळ हे ऐकूनही टिकेल, त्या घरात निदान गोळ्या चोरून घ्याव्या लागणार नाहीत.

मुलांनाही होणार का, हा प्रश्न बोलण्यांत येतोच. शंभर सर्वसाधारण माणसांत साधारण एकाला स्किझोफ्रेनिया होतो. आईबापांपैकी एकाला तो असेल तर शंभर मुलांत साधारण दहा जणांना होण्याची शक्यता असते. म्हणजे धोका वाढतो हे खरे, आणि बहुतेक मुलांना तो होत नाही हेही तितकेच खरे.

गोळ्या, पाळी आणि इच्छा

रिस्पेरिडोनसारख्या काही गोळ्यांनी रक्तातले प्रोलॅक्टिन नावाचे द्रव्य वाढते. मूल अंगावर पीत असताना आईच्या शरीरात वाढते तेच हे. ते वाढले की पाळी लांबते किंवा बंद होते, कुमारिकेच्याही छातीतून दूध येऊ शकते, इच्छा मंदावते. मुलीच्या अंगावरून दूध आले म्हणून घरात तिच्या चारित्र्यावर संशय घेतला जातो, आणि ती बिचारी काही बोलूच शकत नाही. साधी रक्ततपासणी करून हे कळते. डोस कमी करणे किंवा गोळी बदलणे हा त्यावरचा उपाय आहे, पण तो डॉक्टरांनी करायचा.

पाळी गोळ्यांमुळे थांबली असे समजून गरोदरपण चार महिन्यांपर्यंत लक्षात न येणे, हा दुसरा घोटाळा. पाळी अनियमित असली तरी दिवस राहू शकतात. लग्न झालेल्या किंवा संबंध असलेल्या बाईची पाळी चुकली तर आधी लघवीची तपासणी करावी. आशाताईंकडे 'निश्चय' किट मोफत मिळते.

पुरुषांचे दुखणे तर कुणी ऐकतच नाही. डिप्रेशनच्या अनेक गोळ्यांनी वीर्यपतन फार उशिरा होते किंवा इच्छाच कमी होते. मनोविकाराच्या इतर गोळ्यांनी ताठरता कमी होते. तो कुणाला सांगत नाही, गुपचूप गोळी बंद करतो, नाहीतर स्टेशनबाहेरच्या तंबूतल्या 'शाही दवाखान्यात' पैसे घालवतो. घरचे म्हणतात, औषध टाळतो, आळशी आहे. तो औषध का टाळतो, हे बायकोलाही ठाऊक नसते. तिला वाटते आपणच नकोशा झालो. ओपीडीत फक्त एक वाक्य बोलायचे आहे: "डॉक्टर, गोळी चालू झाल्यापासून बायकोजवळ जाता येत नाही." डॉक्टरांनी हे हजारदा ऐकलेले असते. गोळीची वेळ, मात्रा, प्रकार, यांपैकी काहीतरी बदलता येते.

बायपोलरच्या उन्मादात याच्या उलटही होते. इच्छा अतोनात वाढते, भान सुटते, अनोळखी माणसाशी संबंध येतो. तो काळ ओसरल्यावर माणसाला लाजेने मान वर करता येत नाही. त्या वेळी शिव्या देण्यापेक्षा एचआयव्ही आणि गुप्तरोगाची तपासणी करून घेणे कामाचे. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि तिचा निकाल गुप्त ठेवतात.

रात्रीच्या गोळीने गुंगी येते. गुंगीत असलेली बायको म्हणजे 'हो' म्हणालेली बायको नव्हे. नवऱ्याने बळजबरी केली तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचाही समावेश आहे.

मूल हवे असेल तर

या लेखातले एकच काही लक्षात ठेवायचे असेल, तर ते व्हॅल्प्रोएट या गोळीचे नाव. चिठ्ठीवर ते सोडियम व्हॅल्प्रोएट किंवा डायव्हॅल्प्रोएक्स असेही लिहिलेले असते. फिट्ससाठी आणि बायपोलरसाठी ती सर्रास दिली जाते आणि गुण चांगला देते. पण गरोदरपणात ती घेतली तर शंभरातल्या साधारण दहा बाळांत जन्मजात व्यंग येते. पाठीचा कणा उघडा राहणे हे त्यांपैकी एक. शिवाय दहा मुलांपैकी तीन-चार मुलांच्या शिकण्या-बोलण्याच्या वाढीवर परिणाम होतो. बाळाचा मणका आणि मेंदू पहिल्या काही आठवड्यांतच घडत असतो, बाईला दिवस गेल्याचे कळण्याच्या सुमारास. म्हणून ही गोळी बदलायची ती मूल राहण्याच्या आधी. तरुण मुलीला किंवा नव्या सुनेला ही गोळी चालू असेल तर पुढच्याच तारखेला डॉक्टरांना विचारा: "हिला पुढे मूल हवं आहे, ही गोळी चालेल का?" कार्बामाझेपिनचाही धोका आहे, पण व्हॅल्प्रोएटइतका नाही. लिथियम चालू असेल तर गरोदरपणात रक्ततपासणी जास्त वेळा लागते. फोलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायची, तिची मात्रा डॉक्टर ठरवतील.

हे वाचून कुणी घरातल्या बाईची गोळी आज रात्रीच बंद करील, ही मला खरी भीती वाटते. तसे करू नका. एकदम बंद केलेल्या गोळीने आजार जोरात उलटतो, आणि आईचे न खाणे, न झोपणे, जीव देण्याचा विचार, हेही पोटातल्या बाळाला घातकच. गरोदरपणात त्यातल्या त्यात सुरक्षित अशा गोळ्या आहेत, पुष्कळ बाया त्या घेऊन निरोगी मुलांना जन्म देतात. दिवस राहिल्याचे कळले आणि व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर त्याच आठवड्यात दोन्ही डॉक्टरांना दाखवायचे.

मूल नको असेल किंवा इतक्यात नको असेल, तेव्हाही दोन्ही केसपेपर लागतात. कार्बामाझेपिन चालू असताना माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा जोर कमी होतो. टीबीच्या रिफाम्पिसिननेही तसेच होते, आणि आपल्या वस्त्यांत टीबी किती आहे ते सांगायला नको. बाई रोज न चुकता गोळी घेते, तरी दिवस राहतात, आणि दोष तिला मिळतो. कॉपर-टी आणि तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन यांवर या औषधांचा परिणाम होत नाही. मात्र अंतराने पाळी अनियमित होते, कधी मध्येच डाग दिसतात, कधी पाळी येतच नाही. ज्या बाईच्या मनात आधीच भीती-संशयाचे आजार आहेत, तिला हे आधी समजावून सांगितले नाही तर ती घाबरते. आणि कंडोम मोफत मिळतो, पुरुषाची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी असते. तरी "हिचंच करून टाका" असेच का ऐकू येते?

बाळंतपणानंतरचे पंधरा दिवस

भारतात बाळंत झालेल्या पाच बायांपैकी साधारण एकीला डिप्रेशन येते, असे देशभरातल्या अभ्यासांची बेरीज सांगते. रडू येणे, बाळाबद्दल काहीच न वाटणे, आपण वाईट आई आहोत असे वाटत राहणे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले तर दाखवावे. याहून भयंकर, पण पुष्कळच कमी आढळणारा आजार म्हणजे बाळंतपणातला सायकोसिस. हजारात एक-दोन बायांना होतो. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, एकाएकी सुरू होतो. बाई रात्रभर झोपत नाही, असंबद्ध बोलते, बाळ बदलले आहे म्हणते, बाळात देव किंवा राक्षस आहे म्हणते. जिला आधीपासून बायपोलर आहे, तिला याचा धोका फार जास्त, पाचांत एकीपर्यंत. ही तातडीची वेळ आहे. आईला आणि बाळाला एकटे सोडायचे नाही आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे.

आपण सटवाईची पूजा सोडली, म्हणतो. पण बाळंतीण अशी वागू लागली की उतारा टाकणारे, भगताकडे नेणारे अजून आहेत, पंचशील म्हणणाऱ्या घरांतही आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि त्यात गेलेले चार दिवस आई-बाळाच्या जिवावर बेतू शकतात.

बायपोलर असलेल्या बाळंतिणीला झोप हे औषधाइतकेच लागते. रात्रीचे बाळ सासू, जाऊ, नणंद, नवरा यांनी वाटून घ्यावे. नवऱ्याने घ्यावे हे मुद्दाम लिहिते. अंगावर पाजताना बऱ्याच गोळ्या चालतात. लिथियम आणि क्लोझापिन असेल तर आधी नीट विचारावे. बाईला भरती करावी लागली तर तीन वर्षांखालील मूल तिच्यापासून सहसा तोडायचे नाही, बाळाला धोका असेल तरच तात्पुरते दूर ठेवायचे, असे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवणारा वेगळा वॉर्ड आहे. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी अशी चार जुनी मनोरुग्णालये आहेत. असे वॉर्ड तिथे मागण्याजोगे आहेत.

"पिशवीच काढून टाका"

1994 च्या फेब्रुवारीत शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. त्या मुली, तेव्हाच्या शब्दात, मतिमंद होत्या. कारण काय दिले? त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही. स्त्री संघटनांनी आवाज उठवला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. बौद्धिक अपंगत्व आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण घराघरांत दोघींनाही तोच सल्ला दिला जातो. थकलेल्या आईचे मला कळते. वयात आलेल्या मुलीचे कपडे रोज तीच धुते, तिच्यामागे तीच धावते, आणि आपल्यामागे हिचे काय या विचाराने तिची झोप उडते. पण गर्भाशय काढल्याने मुलीवरचा अत्याचार थांबत नाही. झाला तर कळत नाही, एवढेच. पाळीसाठी शिकवणे, पॅड बदलण्याच्या वेळा ठरवणे, आणि गरज पडली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध, हे मार्ग आधी आहेत.

मानसिक आजारावरचा उपाय म्हणून स्त्रीची किंवा पुरुषाची नसबंदी करायला 2017 च्या कायद्याच्या कलम 95 ने मनाई केली आहे. त्याच कलमात साखळीने बांधण्यालाही मनाई आहे. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो, आणि स्वतःच्या संमतीशिवाय मूल न होण्याची कोणतीही शस्त्रक्रिया करता येत नाही, असे तो म्हणतो.

गर्भपाताचे थोडे गुंतागुंतीचे आहे. 1971 च्या कायद्यात मानसिक आजार असलेल्या सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते. 2021 च्या बदलानंतर अशा स्त्रीला 24 आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. पण पालकाची सही म्हणजे तिला न विचारण्याचा परवाना नाही. तिच्या उघड संमतीशिवाय गर्भपात करणे 2016 च्या कायद्याने गुन्हा आहे. अतितीव्र अपंगत्व असेल तरच डॉक्टरांचे मत आणि पालकाची संमती घेऊन अपवाद. चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहातल्या एका अनाथ, सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलीवर बलात्कार झाला, दिवस राहिले. हायकोर्टाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला मूल हवे होते. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि मूल होऊ द्यायचे की नाही हे ठरवणे हा तिच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सांगितले.

अत्याचार झाला तर "वेडीचं कोण ऐकणार" म्हणून घर गप्प बसते. आजारामुळे ज्या बाईला समजत नाही, तिने विरोध केला नाही म्हणजे संमती दिली, असे कायदा मानत नाही. मानसिक अपंगत्व असलेल्या स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. तिचा जबाब घरी येऊन, जाणकार व्यक्तीच्या मदतीने, व्हिडिओ करून घ्यायचा असतो. कोणत्याही दवाखान्याने, खाजगी असला तरी, उपचार मोफत द्यायचे असतात. आंघोळ घालण्याआधी, कपडे धुण्याआधी दवाखान्यात न्या. 112 वर पोलीस, 181 वर महिला मदतवाहिनी.

पुढच्या तारखेला

दोन्ही पिशव्यांतले कागद एका पिशवीत घाला आणि दोन्ही ओपीडीत तीच पिशवी न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटेही न्या, टीबीच्या, फिट्सच्या, पाळी लांबवण्याच्या धरून. गर्दीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायला दोन मिनिटे लागतात: या गोळीने पाळीवर, संबंधांवर काय होते, मूल हवे किंवा नको असेल तर ही चालेल का, कोणते गर्भनिरोधक हिच्यासोबत चालते. तीस वर्षांच्या पुढची बाई असेल तर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही त्याच फेरीत करून घ्या.

आणि बरोबर गेलेल्या माणसाने पाच मिनिटे बाहेर बाकावर बसावे. सासूसमोर सून बोलत नाही, बापासमोर मुलगा बोलत नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे 2017 च्या कायद्याने डॉक्टरांवर बंधन आहे, हे त्याला किंवा तिला आत जाण्याआधी सांगा. दवाखाना लांब असेल, तारीख लांब असेल, तर सरकारच्या टेलिमानसला 14416 वर फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते, आणि हा नंबर रात्रीही लागतो.